गृहशास्त्राची पदवी आणि घरचा जमाखर्च

विद्यादानासारखें दान नाहीं असें म्हणतात. परंतु विद्या घेणाऱ्यास ती फुकट मिळत नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे. मुलाच्या किंवा मुलीच्या पदवीसाठीं पैसा उभा करतांना कित्येक घरांत दागिना गहाण पडतो, तर कित्येक घरांत धाकट्या भावंडाची फी थकते. इतकें करूनही पदवी अर्ध्यावर सुटली, किंवा हातीं आलेल्या पदवीस कोणी विचारीना, तर गेलेला पैसा आणि गेलेलीं वर्षें ह्यांपैकीं कांहींच परत येत नाहीं. म्हणून पदवीची निवड हा केवळ आवडीचा प्रश्न नव्हे. तो घराच्या अर्थव्यवस्थेचाही प्रश्न आहे. ह्या लेखांत आम्ही गृहशास्त्राच्या पदवीचें उदाहरण घेणार आहों. घरचा पैसा, वेळ आणि श्रम शहाणपणानें कसे वापरावेत हें जो विषय शिकवतो, त्याची निवड तरी त्याच शास्त्राच्या नियमांनीं व्हावयास नको काय?

प्रथम विषयाची ओळख करून घेऊं. गृहशास्त्र म्हणजे स्वयंपाक व शिवणकाम, अशी समजूत अद्यापि पुष्कळ घरांत आढळते. ती बरोबर नाहीं. आहार व पोषण, वस्त्रशास्त्र, मानवी विकास, लोकशिक्षणाचें विस्तारकार्य, आणि कुटुंबाच्या साधनसंपत्तीचें व्यवस्थापन अशीं ह्या विषयाचीं पांच मुख्य अंगें आहेत. शेवटच्या अंगांत घरचा अर्थसंकल्प, बचत, कर्ज, विमा आणि ग्राहकाचे हक्क ह्यांचा अभ्यास येतो. १८५७ सालीं अर्न्स्ट एंगेल ह्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानें बेल्जममधील कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून असा नियम मांडला कीं, उत्पन्न जसजसें वाढतें तसतसा त्यांतील अन्नावरच्या खर्चाचा हिस्सा घटत जातो. आपल्या मुंबईंत १९२१-२२ सालीं सरकारी मजूर कचेरीनें कामगार कुटुंबांची अशीच पाहणी केली, तेव्हां त्यांचा निम्म्याहून अधिक खर्च अन्नावरच होत असल्याचें दिसून आलें. अमेरिकेंत एलेन स्वॉलो रिचर्ड्स ह्या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या पुढाकारानें १८९९ सालीं लेक प्लॅसिड येथें परिषद भरली, आणि तेथून ह्या विषयास स्वतंत्र शास्त्राचें रूप येऊं लागलें. ग्राहकांच्या बाजूनें पाहिलें तर १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, १९८६ सालीं देशांत ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या जागीं २०१९ सालीं नवा कायदा आला. इतका विस्तार असलेला विषय हलका कसा म्हणावा?

महाराष्ट्रांत ह्या विषयास उच्च शिक्षणांत मान मिळवून देणाऱ्यांत धोंडो केशव कर्वे ह्यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांनीं १९१६ सालीं पुण्यांत महिला विद्यापीठ स्थापिलें, त्या वेळेपासून तेथें मातृभाषेंतून शिक्षण आणि गृहव्यवस्थेचा अभ्यास ह्यांस स्थान होतें. पुढें १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनीं १५ लाख रुपयांची देणगी दिली, व त्यांच्या मातोश्री नाथीबाई ह्यांचें नांव विद्यापीठास मिळालें. तरीही कायद्याची मान्यता येण्यास १९५१ साल उजाडावें लागलें. तोंवर जेथें पदवीधर झाल्या, त्या मुलींनीं व त्यांच्या पालकांनीं मोठीच जोखीम पत्करली होती. आज ती पत्करण्याचें कोणास कारण नाहीं. कोणतें विद्यापीठ मान्य आहे आणि कोणतें बनावट आहे ह्याच्या याद्या विद्यापीठ अनुदान आयोग प्रसिद्ध करतो. महाविद्यालयांचें मूल्यमापन करण्यासाठीं १९९४ सालापासून 'नॅक' ही संस्था आहे. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीं हीं दोन्ही ठिकाणें पाहणें, ही पालकांची पहिली पायरी होय.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. नवी मुंबई वसविण्यासाठीं सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली, आणि खाडी ओलांडून मानखुर्दहून वाशीस लोकल गाडी आली ती १९९२ सालीं. त्या एका पुलानें मुंबईचीं महाविद्यालयें आपल्या आटोक्यांत आणलीं. वाशी, नेरूळ किंवा पनवेलहून हार्बर गाडीनें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यास न्यू मरीन लाइन्स येथील निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय तेथून फार दूर नाहीं; तें १९५५ सालीं निघालें असून मुंबई विद्यापीठाशीं संलग्न आहे. वडाळ्यास गाडी बदलून सांताक्रूझला उतरणाऱ्या मुलीस जुहू येथें कर्व्यांच्या विद्यापीठाचें सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय आहे. घर सोडून राहण्याची तयारी असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठांत, किंवा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांतही हा विषय शिकतां येतो. मात्र परभणीस त्याचें नांव आतां 'सामुदायिक विज्ञान' असें आहे, आणि १९५० सालीं निघालेली बडोद्याची शाखा 'कुटुंब व समाज विज्ञान' ह्या अर्थाच्या नांवानें ओळखली जाते. यास्तव माहितीपत्रकांत 'गृहशास्त्र' हा शब्द दिसला नाहीं, तर विषयच नाहीं असें समजूं नये.

ह्यांतून निवड करतांना बहुतेक जण फक्त फी विचारतात. येथेंच हिशेब चुकतो. समजा, एका महाविद्यालयाची वर्षाची फी १५ हजार रुपये आहे. प्रवासास ६ हजार, आणि पुस्तकें, प्रयोगाचें साहित्य व दुपारचें खाणें ह्यांस १४ हजार लागतात. एकूण ३५ हजार झाले. दुसऱ्या दूरच्या ठिकाणीं फी ८ हजारच आहे. परंतु वसतिगृह व खाणावळ ७० हजार, पुस्तकें ७ हजार, आणि सुटींत घरीं येण्याजाण्यास ५ हजार लागतात. एकूण ९० हजार झाले. तीन वर्षांचा आंकडा पहिल्या ठिकाणीं १ लाख ५ हजार, तर दुसऱ्या ठिकाणीं २ लाख ७० हजार होतो. हे आंकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येक घरानें आपले आंकडे घालून असाच तक्ता मांडावा. त्यांत वेळेचाही रकाना असावा. रोज तीन तास प्रवासांत गेले, तर वर्षाच्या २०० दिवसांप्रमाणें तीन वर्षांत १,८०० तास गेले. कांहीं मुलें गाडींत वाचतात, कांहींना उभें राहण्यासही जागा मिळत नाहीं. ज्यानें त्यानें आपली प्रकृति ओळखून हा रकाना भरावा.

वर्षेंही नीट मोजावींत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीपुढें चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी घेतां येते. परभणीची पदवी चार वर्षांचीच आहे. नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होऊं इच्छिणाऱ्या मुलीस पहिल्या पदवीनंतर आणखी शिक्षण व रुग्णालयांतील उमेदवारी करावी लागते. शेवटचें स्टेशन कोणतें हें ठाऊक नसतां तिकिटाचे पैसे कसे मोजणार?

खर्च कमी करण्याचे मार्ग आहेत. अनुदानित अभ्यासक्रमाची फी विनाअनुदानित अभ्यासक्रमाहून पुष्कळ कमी असते. एकाच इमारतींत दोन्ही प्रकार असूं शकतात, म्हणून स्पष्ट विचारावें. रेल्वेचा सवलतीचा पास विद्यार्थ्यांस मिळतो. सरकारी शिष्यवृत्त्यांचे अर्ज 'महाडीबीटी' ह्या संकेतस्थळावर भरावयाचे असतात; उत्पन्नाचा दाखला आधींच काढून ठेवावा. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठराविक वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं घेतला. परंतु आपला अभ्यासक्रम 'व्यावसायिक' ह्या सदरांत मोडतो कीं नाहीं, हें आधीं लेखी विचारून घ्यावें. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठीं नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ व दिल्लीचें इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आहे. तेथें कोणता अभ्यासक्रम चालू आहे, आणि प्रात्यक्षिकें कोठें होतात, हें त्या त्या वर्षीं पाहावें.

स्वस्त तें निवडतांना कस कसा ओळखावा? इमारतीच्या रंगावरून नव्हे. एक दिवस काढून महाविद्यालयांत जावें. प्रयोगशाळा पाहावी, उपकरणें वापरून झिजलेलीं असलीं तर तें चांगलें लक्षण समजावें, आणि कुलपांत चकचकीत असलीं तर सावध व्हावें. कायम अध्यापक किती आहेत, विद्यार्थी रुग्णालय, बालवाडी किंवा वस्ती ह्यांत किती दिवस काम करतात, तें विचारावें. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींशीं बोलावें, आणि मागील वर्षीं बाहेर पडलेल्या मुली आज काय करतात हेंही विचारावें. ह्या प्रश्नांचीं सरळ उत्तरें जेथें मिळतात, तेथें मोठें नांव नसलें तरी चालेल.

विद्यार्थिमित्रहो, हा तक्ता आईवडिलांनीं एकट्यानें मांडावयाचा नाहीं. तुम्ही तो त्यांच्या शेजारीं बसून मांडा. घरांत पैसा किती येतो, कर्ज किती आहे, हें तुम्हांस त्या दिवशीं प्रथमच कळेल; पालकांनींही तें सांगण्यास संकोचूं नये. मुलांनीं, हा विषय मुलींचाच म्हणून, उठून जाऊं नये. ज्या घरांत राहावयाचें, त्याचा हिशेब दोघांनाही आला पाहिजे. आणि पालकहो, मुलाच्या शिक्षणाचा तक्ता मांडतांना जी शाई वापराल, तीच मुलीच्या तक्त्यासही वापरा. खर्च पेलत नसेल तर कमी खर्चाचें महाविद्यालय शोधावें, परंतु मुलीचें नांव खोडूं नये. कोऱ्या कागदावर हा तक्ता ज्या दिवशीं प्रामाणिकपणें मांडला जाईल, त्या दिवशीं गृहशास्त्राचा पहिला धडा, प्रवेश मिळण्यापूर्वींच, घरांत शिकून झालेला असेल.