पिशवीबरोबर काय गेलं

माझ्या ट्रंकेत एक पिवळा पडलेला कागद आहे. 2011 सालचं, ऑपरेशननंतर मिळालेलं डिस्चार्ज कार्ड. "दवाखान्याचा कागद कधी कामाला येईल सांगता येत नाही," असं सासूबाई म्हणाल्या म्हणून मी तो आठ वर्षं जपला. पण त्यावर इंग्रजीत काय लिहिलंय ते एकदाही कुणाकडून वाचून घेतलं नाही. मी दहावी शिकलेली बाई. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. विचारायचं सुचलंच नाही, आणि त्याची किंमत माझ्या हाडांनी मोजली.

आमचं गाव धारूर तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं. इथं सीताफळ रानोमाळ पिकतं, पण पाणी थांबत नाही. दोन एकर कोरडवाहू जमिनीवर सहा माणसांचं भागत नाही, म्हणून दसरा झाला की भांडीकुंडी, लेकरं ट्रकमध्ये टाकून ऊसतोडीला घाट उतरायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि पाळीचं दुखणंही खाड्यातच धरतात. फडावर बाईला आडोसा नाही, पाळीचं फडकं धुवायला पाणी नाही. पहाटे चारला उठून उसाला भिडायचं, अंधार पडेस्तोवर मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. ओलं फडकं दिवसभर अंगाला घासत राहायचं. माझ्या अंगावरून पांढरं जायला लागलं, ओटीपोट ठणकायला लागलं, ते यातूनच. तो जंतुसंसर्ग होता. औषधांनी बरा होणारा.

2011 साली पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "गर्भपिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल." माझं वय तेव्हा सत्तावीस. दोन लेकरं झालेली. घरी सासूबाई म्हणाल्या, "काढून टाक माय. आता काय करायची ती पिशवी? खाडा तरी पडायचा नाही." त्यांनी स्वतःही काढलेली होती, शेजारच्या जावेनं काढलेली होती. उचल वाढवून घेतली आणि श्रावणात ऑपरेशन केलं. दसऱ्याला मी परत ट्रकमध्ये होते.

सहा महिन्यांत अंगातून वाफा निघायला लागल्या. थंडीच्या रात्री कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, घामानं लुगडं ओलं व्हायचं. झोप उडाली, लेकरांवर विनाकारण ओरडायला लागले. पाठ, गुडघे, टाचा धरल्या. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं अंगात आलं. मी गप्प राहून कोयता चालवत राहिले.

2019 मध्ये हापशावरून भरलेली कळशी उचलली आणि मनगट मोडलं. पडले नाही, घसरले नाही. नुसती कळशी उचलली. पस्तिसाव्या वर्षी. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलमध्ये गेले तेव्हा पोटावरचा व्रण बघून तिथल्या एका तरुण डॉक्टर बाईंनी जुने कागद मागितले. दुसऱ्या दिवशी तो पिवळा कागद नेऊन दिला. त्यांनी वाचला आणि विचारलं, "ताई, यांनी तुमचे दोन्ही बीजांडकोशही काढलेत. तुम्हाला सांगितलं होतं का?"

मी म्हणाले, "पिशवी काढली."

"पिशवी वेगळी आणि बीजांडकोश वेगळे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कागदाच्या पाठीमागं पेनानं चित्र काढून दाखवलं. मधे उलट्या पेरूसारखी पिशवी, दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजांडकोश. ते चित्र अजून त्या कागदावर आहे.

त्या दिवशी मला जे कळलं ते मी आज गावातल्या प्रत्येक बाईला सांगते. पिशवी गर्भ वाढवते. पण बीजांडकोश इस्ट्रोजन नावाचं संप्रेरक तयार करतात, आणि ते सगळ्या शरीराला पुरतं. आपलं हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं भरतं. झीज भरावापेक्षा वाढू नये म्हणून इस्ट्रोजन पहारा देतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांना, झोपेला, मनालाही त्याचा आधार असतो. पाळी आपोआप जाते तेव्हा हा पहारा हळूहळू उठतो. ऑपरेशननं मात्र तो एका दिवसात उठला. माझी हाडं त्या श्रावणापासून झिजत होती आणि त्यावर मी उसाच्या मोळ्या वाहत होते.

मी एकटी नव्हते. त्याच 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीसमोर बीड जिल्ह्याची पाहणी आली. ऊसतोडीला जाणाऱ्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागं एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांत देशभर हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं.

डॉक्टर बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली, आणि ती मला तोवर कुणी विचारली नव्हती. "मिश्री लावता का?" माझ्या कनवटीला डबी होतीच. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, उठल्याबरोबर बोटानं दातांना फिरवायची. फडावर पोटात काही नसताना दोनदा-तीनदा व्हायची, भूक मरायची. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम पानांत ओढून घेतं. हा विषारी धातू शरीरात गेला की मूत्रपिंडात ठाण मांडतो, वर्षानुवर्षं निघत नाही, आणि हाडातलं कॅल्शियम लघवीवाटे जायला लागतं. त्यात माझं हिमोग्लोबिन आठ होतं. बाईचं बारा तरी हवं. अंगात लोह कमी असलं की आतडं लोह ओढून घ्यायला हपापलेलं असतं, आणि त्याच वाटेनं कॅडमियम आणि शिसंही जास्त आत येतं. म्हणजे उपाशी, रक्त कमी असलेल्या बाईला तोच धातू जास्त बाधतो.

शिशाचं तर आणखी वेगळं. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडात साठून बसतं. इस्ट्रोजन गेलं, हाड झिजायला लागलं की ते साठलेलं शिसं पुन्हा रक्तात उतरतं. शिशाची भेसळ असलेलं कथील वापरून केलेली कल्हई, जुन्या बॅटऱ्या घरी फोडून वितळवणं, ही त्याची आपल्याकडची दारं. म्हसोबाला लावतात तो अस्सल शेंदूर म्हणजेही शिशाचंच संयुग. देवाला लावा, पण हात धुतल्याशिवाय लेकराला घास भरवू नका.

कॅडमियम हाडांचं काय करतं ते जपानमध्ये दिसलं. तिथं तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या पाण्यात खाणीतलं कॅडमियम मिसळलं, त्या पाण्यावर भात पिकला. तो खाऊन हाडं पिचली ती बहुतेक पाळी गेलेल्या, बरीच बाळंतपणं झालेल्या शेतकरी बायकांची. त्या 'इताई, इताई' म्हणून कण्हायच्या, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. रोगाचं नावच ते पडलं. 1968 मध्ये तिथल्या सरकारनं प्रदूषणानं झालेला आजार म्हणून त्याला मान्यता दिली. हे ऐकलं तेव्हा मला आमच्या कोप्यांमधल्या रात्री आठवल्या. आमच्यात तेवढं कॅडमियम नसेल, पण संप्रेरक गेलेलं, खाणं तोकडं आणि वरून धातू, ही गाठ तीच.

मी मिश्री सोडली. पहिले पंधरा दिवस फार जड गेले. दात शिवशिवायचे, डोकं दुखायचं. लवंग तोंडात धरून काढले. डॉक्टरांनी तपासून इस्ट्रोजनची गोळी सुरू केली. पाळी जायचं नैसर्गिक वय होईस्तोवर ती घ्यायची आहे. ही गोळी आपल्या मनानं दुकानातून आणायची नाही. घरात स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर आधी सांगायचं. खाण्यात मी रोज मूठभर तीळ, नाचणी किंवा बाजरी, शेवग्याचा पाला आणि हुलग्याचं माडगं ठेवते. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेते. चहा तिच्या आधी आणि नंतर तासभर नाही, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट लागत नाही. मनगट जुळलं. पाठीला आलेला वाक मात्र गेला नाही, जाणारही नाही.

बायांनो, पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितली, तर आधी औषधाचा पूर्ण कोर्स घ्या आणि सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. कॅन्सरची भीती घातली तर विचारा, कुठल्या तपासणीत दिसला? गरज नसताना पिशवी काढली जाऊ नये म्हणून केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि ती लागू करा असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये सगळ्या राज्यांना बजावलंय. काढणं खरंच भाग असेल, तर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: "बीजांडकोश ठेवणार ना?" त्याचं उत्तर कागदावर घ्या.

ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय त्यांनी यंदा ट्रक घाट उतरायच्या आत रक्त तपासून घ्या आणि आपला कागद वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्या. कागद नसेल तर ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात जाऊन मागा. डॉक्टरांनी नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायच्या, असा नियम आहे. तीन वर्षं व्हायच्या आत मागा.