पंप निर्दोष होता

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. काकूंना सकाळीच तपासणीसाठी दवाखान्यात न्यायचे होते आणि काकांची जुनी प्रीमिअर पद्मिनी काही केल्या सुरू होईना. मी मेकॅनिकल डिप्लोमाचा विद्यार्थी. साहजिकच घरच्यांचे डोळे माझ्याकडे लागले. प्लग काढून पाहिला, ठिणगी चांगली होती. कार्बुरेटरकडे जाणारी नळी सोडवून स्टार्टर मारला, तर पेट्रोल जेमतेम ठिबकले. "पंप गेला," असा निकाल मी देऊन टाकला. काकू रिक्षाने गेल्या. काकांनी दोन दिवस हिंडून दुसरा पंप मिळवला. तो बसवला, आणि गाडी पूर्वीसारखीच गप्प!

माझे काय चुकले, हे समजण्यासाठी या पंपाचे कार्य पाहिले पाहिजे. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरील उंचवटा एक तरफ हलवतो. तरफ पंपातील पडदा, म्हणजे डायफ्रॅम, खाली ओढते. त्यामुळे मागच्या टाकीतून पेट्रोल खेचले जाते. पडद्याखालची स्प्रिंग त्याला पुन्हा वर ढकलते, तेव्हा ते पेट्रोल कार्बुरेटरकडे जाते. म्हणजे ओढण्याचे काम कॅमचे आणि दाब देण्याचे काम स्प्रिंगचे. अशा पंपाचा दाब साधारण ३ ते ५ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.२ ते ०.३५ किलो इतकाच असतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. पुढे दाब कमी पडला, तर दोष पंपातच असेल असे नाही. मागून पेट्रोलच आले नाही, तर बिचारा पंप ढकलणार काय?

शेवटी काकांनी आपल्या ओळखीच्या वृद्ध मेस्त्रींना बोलावले. त्यांनी प्रथम टाकीत पेट्रोल किती आहे ते काडी घालून पाहिले. काट्यावर विश्वास ठेवला नाही. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र तपासले. ते बुजले, तर टाकीत निर्वात होऊन पेट्रोल येणे थांबते. मग कॉइलची मुख्य वायर काढून ती बॉडीला जोडली, म्हणजे उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी पडायला नको. ही खबरदारी मी घेतली नव्हती, हे सांगायला मला लाज वाटते.

त्यानंतर त्यांनी पंपाला टाकीकडून येणारी नळी काढली आणि तिथे दुसरी नळी लावून तिचे टोक पेट्रोलच्या बाटलीत बुडवले. स्टार्टर मारताच कार्बुरेटरच्या बाजूने पेट्रोलच्या जोरदार चिळकांड्या उडाल्या. काढून ठेवलेला जुना पंप बसवून पाहिला, तोही तसाच चालला! म्हणजे दोष पंपाच्या मागे, नळी ते टाकी या भागात होता. मेस्त्री गाडीखाली सरकले, टाकीजवळचा रबरी तुकडा बोटांनी वाकवला आणि म्हणाले, "गाळी!" कन्नडमध्ये गाळी म्हणजे हवा. रबराला केसासारख्या बारीक भेगा होत्या.

मी विचारले, "मग खाली पेट्रोल कसे सांडले नाही?" उत्तर आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होते. पंप ओढत असताना नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणून भेगेतून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत शिरते. गळती होती, पण डोळ्यांना दिसणारी नव्हती. गाडी रात्रभर उभी राहिली की त्याच भेगेतून हवा शिरून नळीतले पेट्रोल टाकीत परत जाई. वीतभर नवी नळी आणि दोन क्लिपा एवढ्यावर काम भागले.

रबर जुने झाले की तडकतेच. पण आणखी एक कारण संभवते. २०२५ पासून आपल्याकडील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांना त्याचा लाभ असला, तरी जुन्या गाड्यांचे रबर व पडदे त्यासाठी बनवलेले नव्हते. पडदा फाटला तर पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्येही उतरते. म्हणून डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का, तेही पाहावे. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्याव्यात आणि तोंडाने पेट्रोल ओढण्याची सवय सोडावी.

इंजेक्शनच्या गाडीत विजेचा पंप टाकीतच असतो आणि दाब सुमारे ३ किलो, म्हणजे जवळजवळ दहापट असतो. तिथे पंपाचा फ्यूज काढून आणि स्टार्टर मारून दाब उतरवल्याशिवाय नळीला हात लावू नये. क्रम मात्र तोच: आधी मोजावे, मग एकेक भाग वेगळा करून पाहावा, आणि शेवटी खर्च करावा.

काकांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. तो जास्तीचा पंप त्यांनी डिकीत ठेवला आहे. डिकी उघडली की तो मला दिसतो, आणि निकाल देण्यापूर्वी मी थोडा थांबतो.