कार्टून संपल्यावरचा चहा

आमच्या बालवाचनालयात अधूनमधून मुलांना अ‍ॅनिमेशनपट दाखवतो. संपला की मुलं खाऊ घेऊन पळतात आणि पालक चहाला थांबतात. मग कोण मुलगा, कोण मुलगी, कोणाचं कोणावर प्रेम आणि हे लहानांना दाखवावं का, यावर रणधुमाळी. ती ऐकता ऐकता जे पदरात पडलं, ते असं.

१. आधी विचारावं, "तुम्ही पाहिलाय का?"
'लाइटइयर'वर (२०२२) तावातावाने बोलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलेला नसतो. त्यात अलीशा हॉथॉर्न ही अंतराळवीर आपल्या बायकोचं ओझरतं चुंबन घेते. पापणी लवली तर हुकेल इतकंच. तेवढ्यावरून संयुक्त अरब अमिरातीत चित्रपट लागू दिला नाही. आमच्या मुलांनी त्या चुंबनाबद्दल चकार शब्द काढला नाही. नायक बझ काही मिनिटांची फेरी मारून येतो तेवढ्यात इकडे चार वर्षं कशी जातात, हे समजावताना मात्र माझ्या तोंडाला फेस आला.

२. दिग्दर्शकाचा शब्द मानावा, पण शेवटचा मानू नये.
'लुका'वरून (२०२१) आमच्याकडे चहा दोनदा करावा लागला. इटलीच्या किनाऱ्यावरचं गाव, पाण्यात सागरी प्राणी आणि जमिनीवर माणूस होणारे लुका आणि अल्बर्टो हे दोन मुलगे, त्यांचं व्हेस्पाचं वेड. एक बाजू म्हणते, ही उघड प्रेमकथा आहे. दुसरी म्हणते, साध्या मैत्रीला कशाला डाग लावता? दिग्दर्शक एन्रिको कासारोसा यांनी सांगितलं आहे की ही त्यांच्या जेनोआतल्या बालपणाची आणि अल्बर्टो नावाच्या मित्राची गोष्ट आहे, प्रेमाबिमाच्या आधीच्या वयाची. ठीक. पण आपलं खरं रूप दिसलं तर गाव भाला घेऊन येईल, या भीतीत जगणारी मुलं ज्याने रंगवली, त्याच्या सिनेमात आयुष्यभर काही लपवून जगलेल्या माणसाला स्वतःचं तोंड दिसलं, तर त्याला चूक कसं म्हणायचं? आणि 'डाग' हा शब्द तर मला मुळीच मान्य नाही.

पहिल्या बाजूलाही माझं एक सांगणं असतं. आपल्याकडे अजून मुलगे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून शाळेतून घरी येतात आणि कोणी वळून बघत नाही. प्रत्येक जोडीला जोडपं करून टाकलं, तर तो मोकळेपणा जाईल. मला ते नको आहे.

या सगळ्यात मुलांना काय खुपलं? मैत्रीण जुलियासमोर अल्बर्टोचं खरं रूप उघडं पडतं आणि लुका त्याच्याकडेच बोट दाखवून 'राक्षस' म्हणून ओरडतो, ते. स्वतः तसाच असून! "मग त्याने त्याला माफ का केलं?" असं एका मुलीने तीनतीनदा विचारलं. मोठ्यांच्या वादात या प्रसंगाचं नाव एकदाही निघालं नव्हतं.

३. यंत्रालाही आपण लगेच मिशी किंवा वेणी लावतो.
'वॉल-ई' (२००८) मधले वॉल-ई आणि ईव्ह दोघंही यंत्रमानव. तरी सगळे एकमताने एकाला मुलगा आणि दुसरीला मुलगी म्हणतात. गंमत अशी की कचरा आवरणारा, वस्तू जपून ठेवणारा, जुन्या संगीतपटातली जोडी हातात हात घेते ते बघून हळवा होणारा आहे वॉल-ई. ईव्ह दिसेल त्यावर गोळी झाडते. त्यांचं प्रेम पाहून आजवर एकाही पालकाने नाक मुरडलं नाही.

४. निसर्गाचा दाखला जपून द्यावा.
"हे अनैसर्गिक आहे" म्हणणाऱ्या एका गृहस्थांना मी 'निमो'बद्दल सांगितलं. क्लाउनफिशच्या कळपात सर्वांत मोठी मादी असते. ती गेली की प्रमुख नराचीच मादी होते. म्हणजे शास्त्राप्रमाणे निमोचा बाबा मार्लिन लवकरच त्याची आई झाला असता. 'बी मूव्ही'त (२००७) मध आणायला नर निघतात. खऱ्या पोळ्यात ही कामं माद्यांची, नराला नांगीही नसते. 'बार्नयार्ड' (२००६) मध्ये तर नायकालाच कास आहे. गावाकडून आलेल्या मुलांची हसून पुरेवाट झाली.

५. जुन्या राजपुत्रांनाही तोच चष्मा लावावा.
'स्नो व्हाइट' (१९३७) आणि 'स्लीपिंग ब्यूटी' (१९५९), दोन्हींत निपचित पडलेल्या मुलीचं चुंबन आहे. त्यावर चहा कधीच गार झाला नाही.

६. आज्यांना बोलू द्यावं.
'मुलान' (१९९८) मध्ये मुलगी पुरुषवेषात पिंग बनून सैन्यात जाते. सेनानी शांगला ओढ पिंगबद्दल वाटली की मुलानबद्दल, यावर प्रेक्षक अजून भांडतात. आमच्याकडेही तेच चाललं होतं. एक आजी म्हणाल्या, "आमच्या आजेसासूबाई बालगंधर्वांचं बघून लुगडं नेसायच्या. तो पुरुष आहे हे काय त्यांना ठाऊक नव्हतं?" दोन मिनिटं कोणाला काही सुचेना.

२०२०च्या 'मुलान'मध्ये शांग उरलाच नाही. त्याची दोन पात्रं केली, एक वडीलधारा सेनापती आणि एक बरोबरीचा शिपाई. हाताखालच्या मुलीच्या प्रेमात वरिष्ठाने पडणं आता बरं दिसत नाही, असं कारण निर्मात्यांकडून आलं. कारण बिनतोड आहे. आता कॉलेजात गेलेल्या आमच्या जुन्या सभासदांनी मात्र "शांग का नाही?" म्हणून माझ्याशीच भांडण काढलं, जणू तो मीच कापला.