हे रोप कोणतं? चित्रांची किल्ली वापरून ओळखूया

शिक्षक मित्रांनो, पाऊस सुरू झाला की तुमच्याही वर्गात हे होत असेल. मधल्या सुट्टीत मुलं कुंपणाकडून काहीतरी उपटून आणतात आणि विचारतात, "सर, हे काय आहे?" माझ्या चौथीच्या वर्गात असंच एक रोप आलं. मी बघितलं न बघितलं आणि सांगून टाकलं, "टाकळा!" लगेच एक मुलगी म्हणाली, "नाही सर, आमची आजी टाकळ्याची भाजी करते. त्याच्या पानाचं टोक गोल असतं." पोरीचं बरोबर होतं. ते निघालं कासविंदा.

मोबाईलवर फोटो काढला की नाव सांगणारी ॲप आहेत, पण ते नाव का, हे त्यातून मुलांना कळत नाही. चित्रांची किल्ली वेगळी असते. ती एकेक प्रश्न विचारते आणि प्रत्येक उत्तरासाठी चित्र दाखवते. पान साधं की संयुक्त? पानं समोरासमोर की एकाआड एक? आपण चित्र निवडत गेलो की न जुळणाऱ्या वनस्पती यादीतून गळत जातात. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या सहभागाने तयार झालेली 'बायोटिक' ही अशीच किल्ली आहे, सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातल्या झाडांसाठी. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागासाठी 'गो बॉटनी' आहे.

पण इथेच एक गंमत आहे. किल्लीत जेवढ्या वनस्पती घातल्या आहेत तेवढ्यातूनच ती उत्तर देणार. आपल्या बांधावरचं रोप 'गो बॉटनी'त शोधलं तर भलतंच नाव हाती येईल! म्हणून आधी बघा, किल्ली कुठल्या प्रदेशाची आहे आणि कशाची आहे. 'बायोटिक'मध्ये जंगलातली झाडं आहेत, बांधावरचं तण त्यात शोधून उपयोग नाही.

मग आम्ही फळ्यावर आमचीच किल्ली केली. 'फ्लॉवर्स ऑफ इंडिया' या संकेतस्थळावर दोन्ही वनस्पतींचे फोटो मिळाले. मुलांचा पहिला प्रश्न अर्थातच, "फुलाचा रंग कोणता?" दोन्हीचा पिवळा. प्रश्न फुकट गेला. (आणि जूनमध्ये फूल असतंच कुठे!) मग पर्णिका मोजल्या. टाकळ्याच्या पानात साधारण तीन जोड्या, टोक गोलसर. कासविंद्यात बहुधा चार ते सहा जोड्या, टोक निमुळतं. अजून खात्री हवी म्हणून भिंग घेतलं. टाकळ्यात खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये काडीसारखी बारीक ग्रंथी असते, कासविंद्यात देठाच्या अगदी बुडाशी फुगीर ग्रंथी. ती ग्रंथी शोधायला मुलांची नुसती झुंबड उडाली. पुढे शेंगा आल्या की काम सोपं होतं. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकडी. कासविंद्याची चपटी, कडेला फिकट.

एवढी चिकित्सा कशाला, असं वाटेल. टाकळ्याची कोवळी पानं आपल्याकडे भाजीला खुडतात. कासविंद्याच्या बिया मात्र विषारी. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावायची आणि तो मेंदूज्वर समजला जायचा. 2007 मध्ये डॉक्टरांनी शोधनिबंधात त्याचं संभाव्य कारण मांडलं, ते म्हणजे मुलांनी खाल्लेल्या कासविंद्याच्या बिया. हे वर्गात सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले. नेटवर ओळखलेलं काहीही तोंडात घालायचं नाही, हा नियम मी त्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला. तो अजून पुसलेला नाही.

तुम्ही करून बघणार असाल तर फोटो नीट घ्या. एक पान बुडापासून टोकापर्यंत, एक पानाची मागची बाजू, एक देठ खोडाला जिथे चिकटतो तिथला. शेजारी पट्टी ठेवा. जी गोष्ट दिसत नाही तिचा प्रश्न सोडून द्या, अंदाजाने चित्र निवडू नका. नाव मिळालं की ती वनस्पती मूळची कुठली तेही शोधा. आमच्या मुलांना कासविंदा मूळचा अमेरिकेतला हे वाचून फार नवल वाटलं.

सध्या वर्गात कुड्यावर वाद चालू आहे. पांढरा की काळा? दोघांनाही चीक, दोघांचीही फुलं पांढरी. काळ्या कुड्याच्या फुलात मध्ये झालर असते म्हणतात, तेव्हा फुलाची वाट बघतोय.