ऑनलाइन लिलाव : शरीअतची शिकवण आणि आपली सावधगिरी

सूरह अन्-निसाच्या 29 व्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना आज्ञा केली आहे की त्यांनी एकमेकांची संपत्ती अवैध मार्गाने खाऊ नये. देवाणघेवाण व्हावी ती परस्परांच्या राजीखुशीने केलेल्या व्यापारातून. या आज्ञेचा अर्थ आपण बहुधा एकाच बाजूने घेतो : आपण दुसऱ्याचे खाऊ नये. परंतु याच सूरहच्या 5 व्या आयतीत संपत्तीला जीवनाचा आधार म्हटले आहे आणि ती नासमज माणसाच्या हाती सोपवू नये असे बजावले आहे. म्हणजे हलाल कमाई ही अमानत आहे. ती कमावण्याचा जसा हिशेब आहे, तसाच ती राखण्याचाही आहे.

हा विषय सुचण्याचे कारण असे. खारघरला जुमाच्या नमाजनंतर एक परिचित गृहस्थ भेटले. आजारी आईला रुग्णालयात नेण्या-आणण्यासाठी त्यांना गाडी हवी होती आणि त्यासाठी चार वर्षे ते थोडे थोडे पैसे बाजूला टाकत होते. एके दिवशी मोबाइलवर संदेश आला : कर्ज थकल्यामुळे बँकेने जप्त केलेल्या गाड्यांचा ऑनलाइन लिलाव. बँकेचे बोधचिन्ह होते, गाडीची छायाचित्रे होती, मूळ किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून कमी होती. पडद्यावर वेळ उलटा मोजला जात होता आणि अनोळखी लोकांच्या बोली चढत होत्या. मध्यरात्री 3 लाख 85 हजारांची त्यांची बोली ‘मंजूर’ झाली. मग अनामत म्हणून 38,500 रुपये मागितले गेले. नंतर कर व हस्तांतरणाच्या नावाने 62,000. नंतर विमा व वाहतुकीसाठी 43,000. एकूण 1,43,500 रुपये गेल्यावर ते संकेतस्थळही नाहीसे झाले आणि तो दूरध्वनीही बंद पडला. लाजेपोटी त्यांनी नऊ दिवस घरातसुद्धा कोणाला सांगितले नाही.

त्यांनी मला विचारलेला प्रश्न मनाला लागून राहिला. ते म्हणाले, “पैसा हलालचा होता. हेतू आईच्या सेवेचा होता. इस्तिखाराची नमाजही अदा केली होती. मग माझ्याबरोबर असे का व्हावे?”

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः केलेल्या एका लिलावाकडे पाहावे लागते.

प्रेषितांनी (स.) केलेला लिलाव

माननीय अनस बिन मालिक (रजि.) यांनी कथन केलेली ही घटना सुनन अबू दाऊदमध्ये आली आहे. अन्सारपैकी एक गरजू मनुष्य मदत मागण्यासाठी आला. प्रेषितांनी (स.) विचारले की घरात काहीच नाही का? त्याने सांगितले की एक जाडेभरडे वस्त्र आहे, त्याचा काही भाग आम्ही पांघरतो व काही अंथरतो. आणि पाणी पिण्याचा एक पेला आहे. त्या दोन्ही वस्तू मागवून प्रेषितांनी (स.) हातात घेतल्या आणि विचारले की या कोण विकत घेतो? एकाने एक दिरहम देऊ केला. यापेक्षा अधिक कोण देतो, असे त्यांनी दोन-तीनदा विचारले, तेव्हा दुसऱ्याने दोन दिरहम दिले. त्यातील एका दिरहमचे धान्य घरी पोहोचवायला सांगितले. दुसऱ्याची कुऱ्हाड आणवून तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवला आणि त्या माणसाला लाकडे तोडून विकायला पाठवले. पंधरा दिवसांनी तो दहा दिरहम कमावून परतला.

चढत्या बोलीने केलेल्या या विक्रीला फिकहच्या भाषेत ‘मुजायदा’ म्हणतात आणि बहुसंख्य इमामांनी ती वैध मानली आहे. दोघांचा सौदा ठरल्यानंतर मध्ये पडून जास्त किंमत देणे निषिद्ध आहे. पण लिलावात सौदा अजून ठरलेलाच नसतो, म्हणून तेथे वाढीव बोली लावण्यास हरकत नाही.

आता या घटनेतील चार गोष्टी ध्यानात घ्या. वस्तू सर्वांसमोर हातात होती. तिचा मालक तेथे हजर होता. बोली लावणारे खरे ग्राहक होते. आणि किंमत व वस्तू यांची देवघेव तेथल्या तेथे झाली. ऑनलाइन लिलावात याच चार गोष्टी डोळ्यांआड जातात आणि फसवणूक करणारा नेमका तेथूनच आत शिरतो.

1. वस्तू पाहिली का?

ज्या व्यवहारात वस्तूचे स्वरूप किंवा तिचे अस्तित्वच अनिश्चित असते, त्याला ‘गरर’ म्हणतात आणि प्रेषितांनी (स.) त्यास मनाई केली आहे. न पाहिलेल्या वस्तूबाबत आपल्या भागातील दोन्ही फिकहपंथांचे मत जाणून घेण्यासारखे आहे, कारण रायगडच्या कोकणी मुस्लिम घराण्यांत शाफई पंथ आहे, तर बाहेरून येऊन स्थायिक झालेली अनेक कुटुंबे हनफी आहेत. हनफी मतानुसार न पाहता केलेला सौदा होतो, परंतु वस्तू पाहिल्यावर तो मोडण्याचा अधिकार खरेदीदाराकडे राहतो. यालाच ‘खियारे रुयत’ म्हणतात. शाफई पंथाच्या प्रमुख मतानुसार न पाहिलेल्या विशिष्ट वस्तूचा सौदा वैधच होत नाही. वाट वेगळी असली तरी दोघांचा रोख एकच आहे : आधी पाहा.

सहीह मुस्लिममधील हदीस प्रसिद्ध आहे. बाजारात धान्याच्या राशीत प्रेषितांनी (स.) हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर त्यांनी विचारले की मग भिजलेला भाग वर का ठेवला नाहीस, आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही असे बजावले. आजची ओली रास म्हणजे पुराच्या पाण्यात बुडालेली आणि नंतर धुऊनपुसून चकचकीत केलेली गाडी. छायाचित्रात तिचा ओलावा दिसत नाही. म्हणून विश्वासू कारागिराला सोबत नेऊन गाडी उघडून, चालवून पाहावी. खऱ्या लिलावाच्या सूचनेत पाहणीची तारीख व ठिकाण दिलेले असते. पाहणीला नकार मिळाला, तर तो लिलाव आपल्यासाठी तेथेच संपला असे समजावे.

बँकांचे लिलाव बहुधा ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर होतात. त्यामुळे सदनिका असेल तर सोसायटीची थकबाकी, पनवेल महानगरपालिकेचा मालमत्ता कर आणि सिडकोचे हस्तांतरण शुल्क किती आहे, हे बोली लावण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

2. विकणारा खरा मालक आहे का?

माननीय हकीम बिन हिजाम (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) जे आपल्याजवळ नाही ते विकण्यास मना केले होते. फसवणूक करणाऱ्याजवळ वस्तू नसतेच. असते ते केवळ दुसऱ्याच्या वस्तूचे छायाचित्र. स्वतःला लष्करी जवान म्हणवून, बदली झाल्यामुळे गाडी स्वस्तात विकतो आहे असे सांगून आणि ओळखपत्राचे छायाचित्र पाठवून देशभर अनेकांना लुबाडले गेले आहे. सूरह अल-हुजुरातच्या 6 व्या आयतीने आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा आदेश दिला आहे, तो येथेही लागू पडतो.

ही शहानिशा अवघड नाही. बँकेच्या नावाने संदेश आला असेल, तर त्यातील दुव्यावर बोट ठेवू नये आणि त्यातील क्रमांकावर दूरध्वनी करू नये. त्या बँकेच्या शाखेत स्वतः जावे. 2002 च्या सरफेसी कायद्याखाली जप्त केलेल्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीची जाहीर सूचना दोन वृत्तपत्रांत द्यावी लागते आणि त्यातील एक स्थानिक भाषेतील असते. सरकारी बँकांच्या लिलावांसाठी 2025 साली ‘बँकनेट’ हे पोर्टल सुरू झाले आहे. खारघर हे सिडकोने वसवलेले नगर. येथील भूखंड व दुकाने सिडको ई-लिलावाने देते, म्हणून सिडकोच्या नावाने कोणी ‘आतून काम करून देतो’ म्हणाला, तर सीबीडी बेलापूरच्या सिडको भवनात जाऊन खात्री करावी. एवढ्या जवळ राहूनही आपण कधी कधी मोबाइलवरच्या अनोळखी आवाजावर विसंबतो, ही खेदाची बाब आहे.

वाहनाच्या बाबतीत नोंदणी क्रमांक, मालकाचे नाव आणि कर्जाचा बोजा परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीत तपासता येतो. एमएच-46 म्हणजे पनवेलची नोंदणी, तर गाडी दूरच्या राज्यात का उभी आहे, हे विचारावे. जाहीर लिलावात घेतलेल्या गाडीच्या हस्तांतरणासाठी ‘नमुना 32’ हा अर्ज असतो. तो भरण्यास लागणारी कागदपत्रे मिळणार आहेत का, हेही आधीच विचारून घ्यावे.

3. बोली खरी आहे का?

वस्तू घेण्याचा हेतू नसताना केवळ किंमत फुगवण्यासाठी बोली लावणे म्हणजे ‘नजश’. माननीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (स.) ते निषिद्ध ठरवले. इमाम बुखारी यांनी माननीय इब्ने अबी औफा (रजि.) यांचे मत नोंदवले आहे, त्यात असे करणाऱ्याला व्याजखोर व विश्वासघातकी म्हटले आहे. पूर्वी बाजारात एखादा साथीदार उभा करावा लागे. आज एकच मनुष्य दहा खोट्या नावांनी बोली चढवू शकतो. बनावट संकेतस्थळावर तर तेवढेही लागत नाही, आकडे आपोआप चढतात. आमच्या त्या परिचितांनी ज्यांच्याशी स्पर्धा केली, ते लोक बहुधा नव्हतेच.

उपाय एकच. बोली सुरू होण्यापूर्वी बाजारभाव काढावा, घरात सल्लामसलत करावी, आपली कमाल रक्कम कागदावर लिहावी आणि तेथे थांबावे. उलटे मोजले जाणारे घड्याळ माणसाची बुद्धी बांधून टाकण्यासाठीच असते. घाई सैतानाकडून असते, हे आपण मुलांना सांगतो. ते मध्यरात्री मोबाइल हातात असताना स्वतःलाही सांगावे.

4. पैसे कोठे व केव्हा द्यायचे?

खऱ्या संस्थात्मक लिलावात अनामत बोलीपूर्वी भरावी लागते आणि ती संस्थेच्या नावाच्या खात्यात जाते, कोणा व्यक्तीच्या खात्यात किंवा यूपीआय क्रमांकावर नव्हे. ‘जिंकल्यानंतर’ एकामागून एक शुल्के मागितली जाणे ही फसवणुकीची ठळक खूण आहे. पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. व्यक्तीकडून घेत असाल, तर वस्तू व कागदपत्रे हाती आल्यावरच पूर्ण रक्कम द्यावी.

मध्यस्थाकडे पैसे थांबवून ठेवण्याची पद्धतही उपयोगी आहे. मुंबईत सुरू झालेली बाझी ही लिलाव कंपनी 2004 साली ईबेने घेतली. पुढे त्यांच्या भारतातील संकेतस्थळावर ‘पैसापे’ नावाची सोय होती, तिच्यात खरेदीदाराचे पैसे मध्येच राखून नंतर विक्रेत्याला मिळत. 2018 साली ते संकेतस्थळ बंद झाले. आजही मोठ्या खरेदीत अशी सोय देणारेच संकेतस्थळ निवडावे, आणि ‘बाहेरच्या बाहेर पैसे पाठवा, स्वस्त पडेल’ म्हणणाऱ्याला नकार द्यावा.

सोन्या-चांदीच्या दागिन्यांबाबत एक जादा दक्षता आहे. बहुतांश समकालीन विद्वानांच्या मते त्यांची पैशांशी देवघेव हातोहात व्हावी लागते. आज पैसे व आठवड्याने दागिना, असा सौदा करण्यापूर्वी आलिमांना विचारावे.

फसवणूक झालीच तर

क्षणही न दवडता 1930 या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे, आपल्या बँकेला सांगावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर व पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्यापूर्वी कळवले, तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. संदेश, व्यवहार क्रमांक व पडद्याची छायाचित्रे पुसू नयेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 नुसार फसवणूक हा गुन्हा आहे आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 ड लागू होते. ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ असे सांगत येणारा अनोळखी माणूस बहुधा दुसरा लुटारू असतो.

लाज बाळगू नये. एक सहाबी व्यवहारात वारंवार फसत. त्यांनी ते प्रेषितांना (स.) सांगितले. त्यांना कोणी हिणवले नाही; उलट, सौदा करताना यात फसवणूक नको असे स्पष्ट बोलण्याची शिकवण मिळाली. ज्याची फसवणूक होते तो अपराधी नसतो. मात्र नऊ दिवसांच्या मौनाने लुटारूला नऊ दिवस मिळतात आणि शेजारच्या घरालाही सावध होता येत नाही.

आणखी एक कसोटी आहे. लिलावात खराब वस्तू पदरी पडली, तर तिचा दोष लपवून ती दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याचा मोह होतो. तसे केले, तर कालचा पीडित आज ओल्या राशीचा विक्रेता ठरतो.

इस्तिखारा आणि शहानिशा

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे एकाने विचारले, तेव्हा आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असे उत्तर प्रेषितांनी (स.) दिले; ही हदीस तिर्मिजीत आहे. इस्तिखारा म्हणजे प्रयत्नांनंतर अल्लाहकडे मागितलेली भलाई. ती शहानिशेची जागा घेत नाही. त्यांचा हेतू निर्मळ होता आणि त्याचे फळ अल्लाहजवळ वाया जात नाही. परंतु उंट बांधायचा राहिला होता. हे त्यांना सांगितले तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हे मशिदीत सर्वांना सांगा. माझे नाव सांगितले तरी चालेल.” नाव येथे दिलेले नाही, पण त्यांचे हे शब्द वाचकांपर्यंत पोहोचवणे माझे कर्तव्य होते.

घरातील अभ्यासासाठी

1. प्रेषितांनी (स.) केलेल्या लिलावातील चार गोष्टी मुलांना सांगायला लावा.
2. नजश व गरर यांचे एकेक उदाहरण आपल्या परिसरातून शोधा.
3. 1930 हा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या, विशेषतः वडीलधाऱ्यांच्या, मोबाइलमध्ये जतन करा.
4. ठरावीक रकमेपुढील कोणतीही खरेदी घरातील दोघांच्या सल्ल्याशिवाय करायची नाही, असा नियम करा.

अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो, ती राखण्याची समज देवो आणि आपल्या हातून कोणाची फसवणूक न होवो. आमीन.