पदवीआधी प्रश्न : मानसशास्त्रातील पीएच.डी.च्या अर्जाविषयी

मानसशास्त्र विभागाच्या कपाटात आरशातील रेखाटनाचे एक उपकरण असते. एक फळी, उभा आरसा, हात झाकणारा पत्रा आणि दुहेरी रेषेत छापलेली चांदणी. आरशात पाहून त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवावयाची. हात नेमका उलटा जातो, शेजारची मैत्रीण हसते, आपण चुका मोजतो, जर्नल लिहितो, सरांची सही घेतो आणि परीक्षा झाली की सारे विसरतो. मीही विसरले होते.

पुढे एम.ए.ला असताना वाचनात आले की, ह्याच चांदणीने स्मृतीच्या अभ्यासाला नवे वळण दिले. १९५३ साली अमेरिकेत हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने अपस्माराचे तीव्र झटके येणाऱ्या एका तरुणावर शस्त्रक्रिया केली आणि त्याच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचा काही भाग काढला. झटके कमी झाले, पण नवी आठवण साठवण्याची त्याची शक्तीच गेली. शास्त्रीय ग्रंथांतून तो ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याच्यापुढे आरसा आणि चांदणी ठेवली. तीन दिवसांत त्याच्या चुका घटत गेल्या. मात्र हे काम आपण पूर्वी केल्याचे त्याला एकदाही आठवत नव्हते. हाताला आठवत होते, त्याला आठवत नव्हते! कौशल्याची स्मृती आणि प्रसंगाची स्मृती या मेंदूच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून उमगले. मिल्नरबाईंनी १९५२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळविली होती.

हे सांगण्याचे कारण असे की, उपकरण आपल्याकडेही होते. उणीव होती ती प्रश्नाची. मानसशास्त्रात किंवा बोधनिक चेताविज्ञानात, म्हणजे ज्याला कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स म्हणतात त्या शाखेत, पीएच.डी.साठी अर्ज करू इच्छिणाऱ्या विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना मला मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे. अर्ज गुणपत्रिकेवर उभा राहत नाही, तो प्रश्नावर उभा राहतो. बाकीचे सारे त्या प्रश्नाच्या मागोमाग येते.

माझा पहिला अर्ज

माझा पहिला अर्ज नाकारला गेला. तसा तो नाकारण्याच्याच लायकीचा होता. ‘लहानपणापासून मला मानवी मनाविषयी कुतूहल आहे’ असे पहिले वाक्य, त्यानंतर मिळालेले गुण, वक्तृत्वाची बक्षिसे आणि शेवटी ‘आपल्या नामवंत संस्थेत संधी मिळाल्यास’ ही विनवणी. मुलाखतीत एका प्राध्यापकांनी विचारले, “तुम्हांला नेमके काय शोधावयाचे आहे?” मी म्हणाले, “स्मृती.” ते म्हणाले, “स्मृतीचे काय?” मला उत्तर देता आले नाही. परतीच्या एस.टी.त साताऱ्यापर्यंत मी त्या दोन शब्दांचाच विचार करीत होते.

प्रश्न कोठे सापडतात?

आपल्या मनात एक न्यूनगंड असतो. मोठे प्रश्न मोठ्या शहरांत असतात आणि आपल्याकडे केवळ ‘समस्या’ असतात, असे आपण धरून चालतो. परंतु सातारा-सांगलीच्या मुलखाकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहावे.

जत तालुक्याचे उदाहरण घ्या. तेथे घरी कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी, अगर त्याच्या उलट करणारी, कितीतरी कुटुंबे आहेत. दोन भाषा बोलल्याने मेंदूवर काय परिणाम होतो, हा जगभर वादाचा विषय आहे. कॅनडातील अभ्यासांवर एक आक्षेप असा होता की, तेथील द्विभाषिक पुष्कळदा स्थलांतरित असतात. तेव्हा परिणाम भाषेचा की स्थलांतराचा, हे कसे ठरवावे? सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबाद येथे स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी केली. तेथील लोक स्थलांतर न करताच द्विभाषिक असतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात द्विभाषिकांना हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा जडल्याचे आढळले. निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला. या निष्कर्षावरही वाद आहेत. पण तो वाद सोडविण्यासाठी जशी माणसे हवीत, तशी जतच्या बाजारात रोज भेटतात.

मिरजेत चला. तेथील तंतुवाद्यांचा व्यवसाय दीडशे वर्षांहून जुना असून तेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडी किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. आपल्याला न जाणवणारा स्वरातील फरक त्याचा कान कसा ओळखतो? लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूची चित्रे घेऊन एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवून दिले की, स्थलस्मृतीशी निगडित असा मेंदूचा एक भाग त्यांच्यात इतरांहून मोठा असतो. जवारी लावणाऱ्यांबद्दल असा प्रश्न विचारावयास काय हरकत आहे?

फार दूर न जाता आपली लिपीच घ्या. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, उच्चारताना मात्र ती नंतर. डोळा आणि जीभ यांचा क्रम येथे जुळत नाही. ज्योत्स्ना वैद व आशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचकांवर याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मराठी शाळेतील पहिलीच्या मुलावर तो कोणी करावयाचा?

अपुरा प्रयोगही उपयोगी पडतो

नकारानंतरच्या वर्षी मी स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग मराठी-कन्नड जाणणाऱ्या विद्यार्थ्यांवर करून पाहिला. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत लिहावयाचा आणि शाईचा रंग सांगावयास लावावयाचे. मग तेच कन्नडमधील ‘केंपु’ आणि ‘हसिरु’ या शब्दांवर. साहित्य म्हणजे पुठ्ठ्याची कार्डे व एक स्टॉपवॉच. कन्नड कार्डांना कमी वेळ लागला आणि मी हर्षभरित झाले. नंतर आमच्या बाईंनी विचारले, “कार्डांचा क्रम काय होता?” सर्वांना आधी मराठी आणि मग कन्नड! म्हणजे कमी वेळ भाषेमुळे लागला की सरावामुळे, हे सांगण्याची सोयच राहिली नाही. निम्म्यांना उलटा क्रम द्यावयास हवा होता.

पुढील अर्जात मी ही चूक जशीच्या तशी लिहिली. मुलाखतीची वीस मिनिटे त्याच चुकीवर गेली, आणि या खेपेस मला बोलता आले. प्रयोग फसला म्हणून लपवू नये. कोठे फसला हे ज्याला कळते, त्याला संशोधन शिकविता येते, असे निवड करणारे मानतात.

यासाठी संख्याशास्त्राची भीती मात्र सोडावी लागेल. ‘आर’ आणि ‘पायथॉन’ या संगणकीय भाषा विनामूल्य मिळतात. प्रतिक्रिया-काल मोजणारी ‘सायकोपाय’ ही प्रणालीही विनामूल्य आहे. कलाशाखेचा विद्यार्थी येथेच अडखळतो, पण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला चार तास दिले तर अडखळण्याचे कारण नाही.

देशातील वाट

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण लागतात; राखीव प्रवर्ग, आर्थिक दुर्बल घटक व दिव्यांग यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण होणाऱ्यालाही थेट अर्ज करता येतो. मुदत किमान तीन व कमाल सहा वर्षे. स्त्रियांना व दिव्यांगांना अधिक सवलत मिळते. प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. ही गोष्ट मुलींनी घरी अवश्य सांगावी.

२०२४ पासून नेट परीक्षेतून तीन प्रकारे पात्रता मिळते : शिष्यवृत्तीसह, अर्थात जे.आर.एफ.; सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. शेवटच्या दोन प्रकारांत नेटच्या गुणांना ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि हे गुण एकच वर्ष चालतात. जानेवारी २०२३ पासून जे.आर.एफ.ची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये अशी झाली. राज्यातील बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आपापल्या प्रवर्गानुसार पाहाव्यात. आपली ‘सेट’ परीक्षा अध्यापनासाठी पात्र करते. तिच्यातून शिष्यवृत्ती मिळत नाही.

सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात, म्हणून आपली पहिली नजर कोल्हापूरकडे जाते. ते योग्यच आहे. पण ज्यांचा प्रश्न मेंदूकडे झुकतो त्यांनी आणखी दूर पाहावे : अलाहाबाद विद्यापीठातील २००२ साली सुरू झालेले वर्तन व बोधनिक विज्ञानांचे केंद्र, हैदराबाद विद्यापीठातील बोधनिक विज्ञानाचे केंद्र, कानपूर व गांधीनगर येथील आय.आय.टी., बंगळूरची निम्हान्स, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र. मानसशास्त्राच्या एम.ए.ला कोठे प्रवेश आहे व कोठे नाही, हे त्या त्या संस्थेच्या जाहिरातीत शब्दशः वाचावे.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या निवृत्तीचे वर्षही पाहावे. ज्यांची सेवा तीन वर्षांहून कमी उरली आहे, त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

एक गैरसमजही दूर करावयास हवा. मानसशास्त्रातील पीएच.डी. मिळाली म्हणून रुग्णोपचाराचा अधिकार मिळत नाही. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम व तिच्याकडील नोंदणी लागते. आमचे आबा अजूनही विचारतात, “डॉक्टर झाल्यावर गोळ्या कवा लिहून देणार?” त्यांना समजावणे चालू आहे.

परदेशची वाट

अमेरिकेत मानसशास्त्राचे बरेचसे विभाग विद्यार्थ्याला एका विशिष्ट प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत घेतात. चेताविज्ञानाचे विभाग पुष्कळदा पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काम करू देऊन मग निवड करावयास सांगतात. हा फरक न कळल्याने अर्ज वाया जातात. विद्यापीठाचे नाव पाहून अर्ज न करता प्राध्यापकाचे अलीकडचे तीन-चार निबंध वाचावेत आणि पुढील वर्षी ते विद्यार्थी घेणार आहेत का, हे लहानशा पत्राने विचारावे.

अर्जाची मुदत बहुधा डिसेंबरच्या आरंभी संपते, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत होतात आणि अनेक विद्यापीठांत उत्तर देण्याची अखेरची तारीख १५ एप्रिल असते. म्हणजे तयारी आदल्या मे महिन्यातच सुरू झाली पाहिजे. अनेक विभागांनी जी.आर.ई. ऐच्छिक केली आहे किंवा बंद केली आहे. इंग्रजीची परीक्षा मात्र बहुधा लागते. प्रवेश मिळाल्यास बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क माफ असते व अध्यापन-संशोधनाच्या कामाबद्दल विद्यावेतन मिळते. अडते ते त्याआधी : अर्जाचे शुल्क, परीक्षेचे शुल्क. शुल्कमाफी मागता येते, आणि ती मागण्यात कमीपणा नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

उद्देशपत्र साधारण दोन पानांचे असते. माझा प्रश्न कोणता, त्यासाठी मी आजवर काय केले, त्यात कोठे कमी पडले, आणि याच प्रयोगशाळेत का यावयाचे, एवढे त्यात आले की पुरे. शिफारसपत्रे बहुधा तीन लागतात. ‘विद्यार्थिनी हुशार व नम्र आहे’ अशा पत्राचा उपयोग होत नाही. येथे प्राध्यापकवर्गालाही माझी विनंती आहे. विद्यार्थ्याने कोणता प्रयोग केला, कोणती चूक स्वतः शोधली, हे आपण लिहावे. आणि विद्यार्थ्यांनी सरांना किंवा बाईंना किमान महिनाभर आधी, सर्व कागद हाती देऊन, भेटावे.

नोकरीचे काय?

हा प्रश्न टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकविणारे पीएच.डी.धारक आपण रोज पाहतो. सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता असून पीएच.डी. ऐच्छिक राहील, असे आयोगाने २०२३ साली जाहीर केले. तेव्हा केवळ नोकरीसाठी पीएच.डी. करू पाहणाऱ्याने दोनदा विचार करावा. नोकरीची हमी ही पदवी देत नाही. एखाद्या प्रश्नावर पाच वर्षे झोप उडवून घ्यावयाची तयारी असेल, तर मात्र तिच्यासारखे दुसरे शिक्षण नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. तेथे त्याला शिकविणाऱ्यांत जॉन ड्यूई होते, जे १८९९ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले होते. मे १९१६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथील मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचलेला निबंध होता भारतातील जातींवर, आणि त्यांना पुढे पीएच.डी. मिळाली ती ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंधाला. इतक्या दूर जाऊनही त्यांनी प्रश्न आपल्या मातीतलाच धरला.

तेव्हा पुढच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला कपाटातील तो आरसा काढाल, तेव्हा चुका मोजून जर्नल मिटू नका. समासात एक प्रश्न लिहून ठेवा. अर्जाची सुरुवात तेथूनच होते.