घरी फुकट, ऑफिसात नाही

चि. बाळू यास,


लालबागच्या चाळीच्या पुनर्विकासाचं ऑफिस तू सांभाळतोस आणि भाडेकरूंनी दिलेले फोटो, स्कॅन एका प्रकारात आणायला स्वस्तातलं सॉफ्टवेअर शोधतोयस, असं ताईकडून कळलं. म्हणून लिहितोय.

आधी सॉफ्टवेअरचा परवाना वाच. इरफानव्ह्यू १९९६पासून लोकांच्या हाताशी आहे, शेकडो फाइली एका दमात बदलून देतो. पण तो घरी फुकट. ऑफिसात वापरायचा तर पैसे भरून नोंदणी करावी लागते. एक्सएनकन्व्हर्टचंही तसंच. इमेजमॅजिक आणि गिंप मात्र ऑफिसातही विनामूल्य. इमेजमॅजिकमध्ये कमांड टाइप कराव्या लागतात म्हणून मुलं बिचकतात, पण ढीगभर फाइलींसाठी मी तोच निवडेन. त्यातली 'मॉग्रिफाय' ही कमांड जपून वापर. फाइलचा प्रकार तोच ठेवून नुसता आकार कमी करायला गेलास, तर मूळ फाइलच पुसली जाते. काम नेहमी कॉपीवर कर.

फोटो अपलोड केला की बदलून देणाऱ्या वेबसाइटकडे फिरकूही नकोस. आधार, रेशनकार्ड, भाडेपावत्या लोकांनी विश्वासाने तुमच्याकडे दिल्यात, त्या परक्या सर्व्हरवर कशाला? एखाद्या म्हाताऱ्या बाईचा खोलीवरचा हक्क त्या जुन्या पावतीवरच उभा असतो.

आणि त्या पावतीसाठीच सांगतो, सरसकट सगळ्याचं जेपीजी करू नकोस. जेपीजी छायाचित्रांसाठी घडवलेलं. जागा वाचवताना ते बारीक तपशील गाळतं. फार दाबलं की अक्षरांभोवती डाग उमटतात आणि फिकट शाईतला खोली नंबर, रेव्हेन्यू स्टॅम्पवरची सही आधी जाते. मूळ स्कॅन टिफ किंवा पीएनजीत ठेव. एखाद्या पोर्टलला लहान जेपीजी फाइल हवी असेल तर दरवेळी त्या मूळ स्कॅनवरूनच काढ.

आयफोनवाल्यांचे फोटो एचइआयसीत येतात. त्यांना कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स'खाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडायला सांग. पुढचे फोटो थेट जेपीजीत येतील, तेवढं काम कमी. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवू देत, नाहीतर तिथेच फोटो दाबला जातो.

पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यायचंच ठरलं तर आधी तुमच्याकडची सगळ्यात जीर्ण पावती त्यातून काढून बघ. पडद्यावर मोठी करून रक्कम आणि तारीख नीट वाचता आली, तरच साहेबांपुढे बिल ठेव. सोबत परवान्याचा कागदही छापून दे.

तुझा,
मामा